सेल मारायची घाई कामून?

दरवर्षी पाडवा झाला की आमच्याकडं एकाच जातीची पत्रं यायला सुरू होतात. गाडी उभी होती, आता चालू होईना, काय करू. या वेळी तर गठ्ठाच झालाय, त्यातले थोडे निवडून घेतलेत. कुणाची मोटारसायकल, कुणाचं ट्रॅक्टर, कुणाची कार, पण चूक सगळ्यांची जवळपास एकच, चावी हातात आली की पहिलं काम सेल, म्हणजे सेल्फ-स्टार्टर, मारायचं. गाडी उभी राहून जेवढी खराब होत नाही तेवढी त्या पहिल्या मिनिटात होते, तीस वर्षं गॅरेजात हेच बघत आलोय.

प्रश्न : दादा, आम्ही दोघं नवरा-बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलो ते आत्ता आलो, साडेपाच महिने झाले. मोटारसायकल २०१४ ची, १०० सीसी, घरी छपरात उभी होती. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवून गेलतो. आल्यापासून किका मारून मारून पोटऱ्या भरून आल्या पण गाडी भुर्र सुद्धा करंना. शेजारी म्हणतो ढकलत नेऊन तिसऱ्यात टाक. टाकू का? (तालुका धारूर, जि. बीड)

अजून नका टाकू. आधी किका पण बंद करा, जेवढ्या मारल्या तेवढ्या बास झाल्या.

तुमची गाडी १४ ची म्हणजे कार्बोरेटरवाली, त्यात पेट्रोल अन् हवा मिसळते. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा नवा नियम लागू झाला तेव्हापासूनच्या नव्या गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या, त्यांचं तंत्र वेगळं, ते सोडा. कार्बोरेटरच्या बुडाला एक वाटी असते त्यात थोडं पेट्रोल कायम राहतं, पाच महिन्यात त्यातलं उडून जाणारं पातळ पेट्रोल उडून जातं अन् खाली डिंकासारखं चिकट उरतं. ज्या जेटमधून पेट्रोल वर जातं त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजलं की तुम्ही शंभर किका मारा नाहीतर घाटावरून गाडी सोडा, पेट्रोल वर येणारच नाही. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, अन् पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला धरून पेट्रोलपासून फाटतं अन् टाकीच्या बुडाला बसतं. तुम्ही दिवाळीनंतर गेलात, हवा कोरडी होती, म्हणून पाण्याचा त्रास तुम्हाला कमी असावा, पण टाकीत बघून घ्या.

आता काय करायचं ते. गाडी चुलीपासून लांब, उघड्यावर घ्या. पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या बुडाला छोटा स्क्रू असतो, खाली काचेची बाटली धरा अन् तो ढिला करा, वाटीतलं सगळं निघून येईल. बाटली उजेडात धरून बघा, चहासारखा रंग अन् जुन्या वार्निशसारखा वास असेल तर टाकीतलं पण काढा. रंग-वास ठीक असेल तर वर लिटर-दोन लिटर ताजं टाकलं तरी भागतं. काढलेलं नालीत ओतू नका, चुलीत तर चुकून पण नाही, गॅरेजवाल्याला नेऊन द्या.

मग प्लग काढा. पुसा, तारेच्या ब्रशनं घासा. प्लग बाहेर असताना, चावी बंद ठेवून, दहा-बारा किका हळूहळू मारा. प्लग नसला की दाब येत नाही, किक हलकी लागते अन् इंजिन फिरून ऑइल वर चढतं, कारण पाच महिने सगळं ऑइल खाली जाऊन बसलेलं असतं अन् वरचे पार्ट कोरडे पडलेले असतात. सहा महिन्यांच्या वर उभी असली असती तर म्हणलो असतो प्लगच्या भोकात चहाच्या अर्ध्या चमच्याएवढं इंजिन ऑइल टाका, मग किका मारा. तुमचं काठावर आहे, टाकलं तरी बिघडत नाही, सुरुवातीला थोडा धूर निघेल एवढंच.

अजून एक, सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघा. हसू नका. छपरात उभ्या गाडीत कुंभारीण माशी मातीचं घर करती, आमच्याकडं वर्षाला दोन-तीन गाड्या अशा येतात की प्लग बदलला, कॉइल बदलली, पैसे घातले अन् शेवटी निघालं काय तर सायलेन्सरमधून चिखलाचा गोळा.

हे झालं की प्लग बसवा, कॉक उघडा, मिनिटभर थांबा, चोक ओढा, चावी चालू, अन् किक. नाहीच झाली तर कार्बोरेटर खोलून साफ करून घ्या, त्याला तासभर लागतो. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर काही मॉडेलला किकवर पण ठिणगी येत नाही, तेही बघायला सांगा. चालू झाली की लगेच रेस देऊ नका, दोन मिनिटं आपली धडधडू द्या. पुढच्या दिवाळीला जाताना कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे वाटी रिकामी होईल, टाकी मात्र फुल ठेवा, अर्धी राहिली की वरच्या अर्ध्या पत्र्याला गंज धरतो.

प्रश्न : वडील वारल्यापासून ट्रॅक्टर आखाड्यावर शेडमध्ये उभं आहे, नऊ महिने होतील. आता नांगरटीला काढायचंय. चावीवर टक् टक् आवाज येतो, फिरत नाही. आमचा सालगडी म्हणतो स्टार्टरवर पाना टाकला की एका झटक्यात चालू होतंय, वडील पण तसंच करायचे. अन् नाहीच झालं तर एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा लावू म्हणतो. (तालुका वसमत, जि. हिंगोली)

भाऊ, वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण हे पान्याचं सोडा. या एका वाक्यासाठी मी तुमचं पत्र निवडलंय.

चावीवर ट्रॅक्टर चालू करायचं म्हणलं तर बहुतेक ट्रॅक्टरला क्लच दाबावा लागतो किंवा न्यूट्रलमध्ये असावं लागतं, नाहीतर सेल फिरत नाही. ती काही कंपनीची कटकट नाही, ती तुमच्या जिवासाठी आहे. स्टार्टरच्या दोन बोल्टवर पाना टाकून डायरेक्ट करंट दिला की ही सगळी सोय बाजूला राहते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन चालू होता होताच ते पुढं निघतं, अन् पाना टाकणारा माणूस उभा कुठं असतो? मोठ्या चाकाच्या बरोबर पुढं. पळायला जागा नसते अन् तेवढा वेळ पण नसतो. अशानं माणसं मेलेली आहेत, अन् त्यातली बरीच वीस वीस वर्षं ट्रॅक्टर चालवणारी. न्यूट्रल होतं असं वाटणं वेगळं अन् असणं वेगळं, नऊ महिन्यापूर्वी शेवटचं कुणी कुठल्या गिअरमध्ये उभं केलं तुम्हाला ठाऊक आहे का? म्हणून सीटवर बसून, चावीनं, दुसरं कायच नाही.

आता टक् टक् चं. ती बॅटरी उतरल्याची खूण आहे, नाहीतर टर्मिनल, म्हणजे वायर जोडायची टोकं, खराब. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुलून आलं असेल. आधी मायनसची वायर काढा मग प्लसची, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा, कोरडं करा, बसवताना उलटं, प्लस आधी मायनस शेवटी, वरून व्हॅसलीन लावा. बॅटरी काढून तालुक्याला चार्जिंगला द्या, रात्रभर लागेल. घरी चार्ज करणार असाल तर उघड्यावर, अन् जवळ बिडी नको, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीला भडकतो. दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून करणार असाल तर ती गाडी १२ व्होल्टचीच पाहिजे. कारखान्याच्या उसाचा ट्रक शेजारी उभा दिसला म्हणून त्याची वायर जोडायची नाही, मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, तुमच्या ट्रॅक्टरची वायरिंग जाईल.

बॅटरी चार्जिंगला गेली तोवर तुमच्याकडं एक अख्खा दिवस आहे, तो असा घालवा. शेडची दोन्ही दारं उघडा अन् काठीनं सगळीकडं ठोकून बघा, सीटच्या खाली, बॅटरीच्या खोक्यात, बॉनेटमध्ये. सोयाबीन-तूर निघाली की उंदरं रानातून शेडमध्ये येतात, वायरी कुरतडतात, एअर क्लीनरमध्ये चिंध्या अन् भुसा भरून घर करतात, अन् उंदराच्या मागं साप येतो. हात घालायच्या आधी काठी, एवढं लक्षात ठेवा. एअर क्लीनर ऑइलवाला असेल तर त्याचा खालचा डबा काढा, त्यातलं ऑइल वाळून चिखल झालं असेल तर धुऊन खुणेपर्यंत नवीन ओता. इंजिनची ऑइल मापायची दांडी काढून ऑइल बघा. ऑइल कमी असलं तर भरता येतं, पण खुणेच्या वर आलं असेल किंवा ताकासारखं पांढुरकं दिसलं तर थांबा, आत पाणी नाहीतर डिझेल उतरलंय, मेकॅनिक बोलवा. रेडिएटर बघा, अन् बोअरचं पाणी ओतू नका हो, आपल्याकडच्या बोअरचं पाणी घागरीला पांढरे थर देतं ते रेडिएटरला देणार नाही का, कूलंट टाका.

डिझेलच्या टाकीचं बूड अन् फिल्टरची वाटी यात पाणी साचतं. खालचा बोल्ट ढिला करून नितळ डिझेल येईपर्यंत सोडून द्या. नऊ महिन्यात लाइननं हवा पण धरली असणार. जुन्या पंपाचं ट्रॅक्टर असेल तर फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे बंद होऊन सलग डिझेल आलं की आवळायचं. नवीन सीआरडीआय, म्हणजे जास्त दाबानं डिझेल सोडणारं, ट्रॅक्टर असेल तर मात्र एकही पाइप ढिला करायचा नाही, त्यात हजार बारच्या वर दाब असतो, बारीक धार कातड्यातून आत घुसते.

मग क्लच. पावसाळाभर उभं राहिलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट चिकटून बसते, तुम्ही क्लच दाबता पण आत सुटतच नाही. म्हणून पहिल्यांदा चालू करताना न्यूट्रल हातानं हलवून बघा, पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा दांडा) बंद, ब्रेक लावलेला, चाकाला दगड, अन् पुढं-मागं पोरं-ढोरं कुणी नको. इंजिन बंद करायची दोरी असते ती ओढून धरायला सालगड्याला सांगा अन् तुम्ही वर बसून पाच-सात सेकंद सेल मारा. डिझेल बंद असल्यानं इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल, ऑइल वर चढेल. अर्धा-एक मिनिट थांबून परत एकदा. ऑइलचा काटा हलला की दोरी सोडा, सालगड्याला बाजूला करा अन् मग खरा सेल मारा. एका वेळी दहा सेकंदाच्या वर नाही, मध्ये मिनिटभर दम द्या, नाहीतर स्टार्टर जळतो. चालू झालं की नजर ऑइलच्या काट्यावर, पाच-सात सेकंदात काटा उठला नाही तर लगेच बंद.

पेट्रोलच्या बोळ्याचं सांगतो. मी शिकाऊ होतो तेव्हा उस्तादानं लावायला सांगितला, मी लावला, आतून उलटा भडका आला अन् माझ्या दोन्ही भुवया गेल्या. आई आठवडाभर म्हणत होती लेकराचं तोंड उकडलेल्या अंड्यासारखं झालंय. हीटर प्लगवाल्या इंजिनला तर लैच वाईट. डिझेल पोचत असेल, हवा काढली असेल, बॅटरी भरलेली असेल तर बोळ्याची गरजच लागत नाही, अन् यातलं काही नसेल तर बोळ्यानं ते होणारही नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा पुण्याला असतो, त्याची पेट्रोल कार इथं दारात उभी असते. बंद पडू नये म्हणून मी रोज सकाळी पाच मिनिटं चालू करून ठेवते, तरी बॅटरी दोनदा उतरली. माझं काय चुकतं? (लातूर)

बाई, चूक तुमची नाही, सगळेच असंच सांगतात. पण रोजची पाच मिनिटंच बॅटरीला खातात.

हिशेब बघा. कार बंद असली तरी घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर हे थोडा थोडा करंट पितच असतात. समजा ४० मिलीअँपिअर, म्हणजे दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर. छोट्या कारची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे हात न लावता पण महिन्याभरात संपली. त्यात सेल मारताना एकदम मोठा करंट जातो अन् पाच मिनिटं जागेवर चालवून तेवढा पण नीट परत येत नाही, वर एसी नाहीतर लाइट चालू असले तर विचारूच नका. शिवाय इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये अन् ऑइलमध्ये पाणी धरतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, त्या उष्णतेनं बॅटरी तशीच लवकर म्हातारी होते.

रोजचं बंद करा. आठ-पंधरा दिवसातनं एकदा कुणाला तरी घेऊन औशापर्यंत जाऊन या, २० किलोमीटरच्या आसपास होतं, इंजिन तापतं, बॅटरी भरते, टायर-ब्रेक फिरतात, अन् तुमचं पण फिरणं होतं. ते जमत नसेल अन् गाडी महिना महिना उभीच राहणार असेल तर बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा, चावी मात्र गाडीत ठेवून दार लावू नका. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात ब्रेक चिकटून बसतो, गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावलेली बरी. पण मग पुढच्या वेळी चालू करताना गिअर काढायचा आठवणीनं.

बॅटरी मीटरवर बघून घ्या. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ ला चार्ज करा, १२ च्या आसपास आली म्हणजे उतरलीच. शेजाऱ्याच्या गाडीवरून वायर जोडायची वेळ आली तर क्रम असा, लाल वायर आधी तुमच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला अन् काळीचं दुसरं टोक तुमच्या बॅटरीला लावायचं नाही, ते इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडीला ठिणगी पडते, ती बॅटरीजवळ नको. सेल मारायच्या आधी चावी दोन-तीनदा चालू-बंद करा, दर वेळी दोन-तीन सेकंद थांबून, आत पेट्रोलचा पंप बारीक घूं करतो, लाइन भरली की गाडी लवकर घेते.

प्रश्न : मागच्या सप्टेंबरच्या पुरात आमची कार सीटपर्यंत पाण्यात होती. तेव्हापासून तशीच उभी, वरून आता एकदम कोरडी आहे. एकदा सेल मारून बघू का? (तालुका परंडा, जि. धाराशिव)

नाही.

२०२५ च्या त्या पुरानंतर सीनाकाठच्या बऱ्याच गाड्या अशा आल्या. पाणी हवेसारखं दबत नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी असेल अन् तुम्ही सेल मारला तर पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. एवढ्या महिन्यात पाणी उडालं असेल तरी आत गाळ अन् गंज आहेच, रिंगा चिकटलेल्या असणार. चावी सुद्धा लावू नका, बॅटरी सोडवा, गाडी टोचन करून न्या. प्लग काढून इंजिन हातानं फिरतंय का ते आधी बघायचं, इंजिन-गिअर सगळीकडचं ऑइल बदलायचं, कनेक्टर धुऊन वाळवायचे. विम्याचा क्लेम झाला नसेल तर आधी तो बघा, पाणी गेलेल्या इंजिनला सेल मारून झालेलं नुकसान इंजिनचं वेगळं कव्हर नसेल तर विमावाले बहुतेक करून धरत नाहीत.

प्रश्न : विहिरीवर जुनं पाच एचपीचं हँडलचं डिझेल इंजिन आहे, लाइट आल्यापासून बंदच होतं. आता लाइटीचा भरवसा नाही म्हणून परत चालू करायचंय. पाणी लई खाली गेलंय, इंजिन विहिरीत टप्प्यावर उतरवू म्हणतोय. (तालुका भोकरदन, जि. जालना)

दोन गोष्टी, अन् दुसरी पहिलीपेक्षा मोठी.

हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, मूठ वळवून अंगठा पलीकडून घालायचा नाही. इंजिननं उलटा झटका मारला की अंगठा नाहीतर मनगट जातं. वॉल्व्ह उचलायची पट्टी असते ती उचलून आधी नुसतं पंधरा-वीस वेळा फिरवा, ऑइल चढेल, हात हलका होईल, मग जोर धरला की पट्टी सोडा. हँडल ज्या दांड्यावर बसतं तो गंजलेला असेल तर घासून ऑइल लावा, इंजिन चालू झालं की हँडल पटकन निघालं पाहिजे. धोतराचा सोगा, उपरणं, पदर चाकाजवळ नको.

आता विहिरीचं. वर बसवलेला पंप पाणी खालून ओढतो ते साधारण २० फुटापर्यंत, त्याच्या खाली गेलं की ओढत नाही, म्हणून लोक इंजिन खाली उतरवतात. पण इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, विहिरीत तो साठतो, वरून वारा खालपर्यंत येत नाही. बंद करायला उतरलेला माणूस पायऱ्यावरच बसून राहतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पण जातो. शेड बंद करून ट्रॅक्टर चालू ठेवणाऱ्याला पण हेच लागू. सायलेन्सरला लांब पाइप लावून वर काढला तरी जोडातून गळतोच. इंजिन वरच ठेवा, त्याच्यावर जनरेटर फिरवा अन् खाली विजेची पाणबुडी मोटर सोडा, खर्च आहे पण दुसरा मार्ग मी सांगणार नाही. अन् कुणी खाली पडलंच तर धावत उतरू नका, इंजिन वरूनच बंद करता येत असेल तरच करा, अन् अग्निशमनवाल्यांना १०१ ला फोन.

प्रश्न : आमची मांजर थंडीत अन् पावसात काकांच्या जीपच्या बॉनेटमध्ये जाऊन बसते. जीप आठवड्यातून एकदाच निघते. तिला काही होईल का? (इयत्ता सहावी, परभणी)

बाळा, पंख्याच्या पट्ट्यात सापडली तर होईल. काकांना सांग, सेल मारायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा अन् एकदा हॉर्न वाजवा. मांजर निघाली की तिला दूध दे, अन् मग गाडी.